शेवटच्या दोन ओळी

१२ जानेवारी

भिंगऱ्या,

माझं अक्षर ओळखलंस की तू पाकीट फोडणार नाहीस, म्हणून वरचा पत्ता माझ्या जागी आलेल्या मुलीकडून लिहून घेतला. लबाडीच आहे ही. पण नऊ वर्षांत तीन पत्रं जशीच्या तशी परत आली. चौथं निदान उघडलं तरी जावं.

गेल्या महिन्याच्या एकतीस तारखेला मी निवृत्त झाले. छत्तीस वर्षं झाली. साहेब भाषणात म्हणाले, बाईंच्या हाताखालून गेलेल्या किरणांच्या मीटरवर डोळे मिटून विश्वास ठेवावा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी चहा अर्धा टाकला आणि घरी आले.

घर ठीक आहे. बाबांची खोली अजून तशीच ठेवली आहे, फक्त पलंग देऊन टाकला. बाबा गेले तेव्हा तू आलास, तासभर भिंतीला टेकून उभा राहिलास आणि माझ्याशी एक शब्द न बोलता गेलास. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मास्तरीणबाई त्या दिवशी जाता जाता माझ्या हातात तुमचा नवा पत्ता देऊन गेल्या, हे तुला माहीत नसेल. त्यांच्यावर रागावू नकोस. नवऱ्याची बाजू घेऊनही नणंदेला पत्ता देणारी बायको नशिबाने मिळते.

कामाचा ताबा देताना ती नवी मुलगी जुन्या वह्या एकेक करून तपासत होती. चोख आहे पोरगी. एका पानापाशी थांबली आणि तिने मला एक गोष्ट विचारली. मी म्हटलं, राहून गेलं असेल. ती पुढे काही बोलली नाही, पान उलटलं.

हात कसा आहे? थंडीत ओढ बसते का? मलम लावतोस ना?

ताई


२ फेब्रुवारी

भिंगऱ्या,

पत्र परत आलं नाही. म्हणजे एक तर तू वाचलंस, नाही तर फाडलंस. दोन्ही चालेल.

रिकामपण खायला उठतं. सकाळी साडेआठला अजून पाय चपलेत जातात. काल मी स्वयंपाकघरात उभी राहून नळाचे थेंब मोजले. मिनिटाला एकोणीस. छत्तीस वर्षं दुसरं केलंय काय? टिचक्या मोजल्या.

तुला आठवतं, पहिल्यांदा तू प्रयोगशाळेत आलास तेव्हा म्हणालास, "ताई, ही म्हातारी सारखी काय पुटपुटते गं?" मीटरला म्हातारी म्हणायची पद्धत तूच पाडलीस, नंतर आमचे साहेबसुद्धा म्हणायला लागले. मी तुला समजावलं होतं, म्हातारी फक्त मोजते. किरण नळीत शिरला की एक टिचकी. पण अंगाला किती लागलं, ते टिचकीवरून कळत नाही. त्यासाठी ज्याचा जोर आधीच माहीत आहे अशा किरणांच्या स्रोतासमोर, मोजलेल्या अंतरावर तिला ठेवायचं, इतक्या टिचक्यांना इतका डोस असा गुणक काढायचा आणि त्याचा तक्ता तिच्या पाठीवर चिकटवायचा. परीक्षेला आमचा सिझियम, तुमच्या कामाला इरिडियम, दोघांचा जोर वेगळा, म्हणून त्याचीही दुरुस्ती धरायची. तू मान डोलावलीस आणि म्हणालास, "म्हणजे म्हातारी बोलते आणि तू दुभाषी."

तुझ्या मीटरचा गुणक अजून तोंडपाठ आहे. सेकंदाला दोन टिचक्या म्हणजे ताशी एक मायक्रोसिव्हर्ट. म्हणून तू नंतर जे सांगितलंस, काटा चाळीसवर होता, त्याचे झाले वीस. स्रोत पेटीत बंद असतानाही पेटीजवळ साधारण तेवढेच येतात. किरणांनी पाइपच्या जोडाचा फोटो काढून झाला, स्रोत केबलने ओढून पेटीत आला, असं तू समजलास. आणि स्रोत जातो-येतो ती नळी सोडवायला गेलास. स्रोत नळीच्या टोकातच अडकला होता आणि ते टोक तू दीड मिनिट उजव्या हातात धरलंस.

हे तुला कशाला सांगतेय? तुझ्यापेक्षा कोणाला जास्त माहीत आहे? चौकशीच्या कागदावर काय लिहिलंय तेही तुला माहीत आहे. ‘मीटर सुस्थितीत होता. कामगाराने तो पाहिला नाही.’

माझी सही त्या कागदावर नाही. पण मीटर सुस्थितीत होता हे वाक्य माझ्याच तोंडचं.

आज इतकंच. भाजी करपतेय.

ताई


१९ फेब्रुवारी

भिंगऱ्या,

मागचं पत्र टाकल्यावर चार दिवस मी स्वतःवर खूश होते. अर्धं सांगितलं की माणसाला वाटतं, सांगून झालं. आता उरलेलं सांगते.

त्या मुलीने ज्या पानावर बोट ठेवलं ते तुझ्या मीटरचं पान होतं. तिने विचारलं, "बाई, प्रमाणपत्रावर सहा ओळी आहेत आणि कच्च्या वहीत चारच मोजमापं. शेवटच्या दोन कुठे नोंदवल्यात?"

कुठेच नाहीत, कारण त्या दोन चाचण्या मी केल्याच नाहीत.

पाचवी ओळ वरच्या टोकाच्या मोजमापाची. ती मी गुणकाने गुणून लिहिली. चार ओळी इतक्या सरळ रेषेत आल्या होत्या की पाचवी तिथेच येणार, अशी माझी खात्री होती. सहावी ओळ सगळ्यात महत्त्वाची. फार मोठ्या माऱ्यात म्हातारीचं काय होतं, ते त्या ओळीत बघतात. प्रत्येक टिचकीनंतर नळी क्षणभर आंधळी होते. किरण थोडे असले तर फरक पडत नाही. पण मुसळधार असले की ती आंधळीच राहते, मोजतच नाही, आणि काटा खाली येतो. जिथे सगळ्यात जास्त धोका तिथे सगळ्यात कमी आकडा. असं होऊ नये म्हणून आत एक जोडणी असते, ती काटा टोकाला धरून ठेवते. ती जोडणी चालते की नाही, हे बघायचं असतं. मी न बघता ‘ठीक’ लिहिलं.

तेवढं एकदाच. छत्तीस वर्षांत एकदाच.

आणखी एक आहे. हे मी आजवर स्वतःशीसुद्धा शब्दांत बोलले नव्हते. नवव्या दिवशी तुझा हात लाल झाला, तू दवाखान्यात गेलास. तिथल्या डॉक्टरांनी आमच्याकडे फोन केला. तुझं नाव सांगितलं आणि म्हणाले, "पेशंट सांगतोय मीटर चाळीसवर होता, पाच मिनिटं जवळ होता. त्याचा डोस किती होतो?" मी कागद ओढला. वीस, भागिले बारा. दोनच्या आत. मी त्यांना सांगितलं, "छातीचा एक्स-रे काढताना लागतो त्याच्या दहाव्या हिश्शाहून कमी आहे. याने कातडीला काही होत नाही." डॉक्टर म्हणाले, "मग गरम पाइपला हात लागला असेल." मलाही हायसं वाटलं रे. खरंच वाटलं. मी फोन ठेवला आणि डबा खाल्ला.

पुढचे बावीस दिवस तुझ्या हातावर भाजल्याचं मलम लागत होतं. अंगावर पडलेली किरणं टिपणारा महिन्याचा बिल्ला तपासून आला तेव्हा कळलं. तुझ्या छातीवरच्या त्या बिल्ल्याने माझ्या गणिताच्या हजारो पट जास्त दाखवलं होतं, आणि हाताचा तर हिशेब विचारूच नकोस. मग सगळे म्हणाले, डोस इतका मोठा म्हणजे काटा चाळीसवर असणं शक्यच नाही, म्हणजे याने मीटर बघितलाच नाही, आता थापा मारतोय. आधी माझ्या आकड्यामुळे तुझं दुखणं खोटं ठरलं, मग दुखणं खरं ठरल्यावर तू खोटा ठरलास. दोन्हीकडे आकडा माझाच होता.

वेळेवर कळलं असतं तर बोटं राहिली असती का, हे मी नंतर त्याच डॉक्टरांना विचारलं होतं. म्हणाले, एखादं वाचलं असतं, कदाचित नसतंही. सांगता येत नाही.

मला आज पुढे लिहवत नाही.

ताई


६ मार्च

मास्तरीणबाईंचं कार्ड आलं. चारच ओळी आहेत. ‘पत्रं पोचली. मी वाचून दाखवते. ते ऐकतात आणि मधेच उठून बाहेर जातात. परत आले की म्हणतात, पुढचं वाच.’

पुढचं वाच म्हणालास, म्हणून पुढचं लिहिते.

चाचण्या का सोडल्या? याचं एक उत्तर मी नऊ वर्षं जपून ठेवलंय. त्या दिवशी तू खिडकीशी उभा होतास. कंपनीची गाडी खाली थांबली होती. तू काचेवर टकटक करून म्हणालास, "ताई, आटप की गं! बाकीच्यांचे मीटर चार दिवस ठेवतेस ते ठेव, भावाचा तर हातोहात दे." मी म्हटलं, "भाऊ असलास तरी म्हातारीला सगळी औषधं पाजावी लागतात." तू म्हणालास, "तिला काही धाड भरत नाही. बघ कशी तुरुतुरु बोलतेय." आणि आपण दोघंही हसलो.

शेवटच्या दोन ओळींसाठी जास्त जोराचा, आम्ही ज्याला जड म्हणतो तो स्रोत बाहेर काढायचा म्हणजे अर्धा तास जातो. खोली रिकामी करायची, लाल दिवा लावायचा, पलीकडून पडद्यावर काटा बघायचा. मी घड्याळाकडे बघितलं आणि पेन उचललं.

तर नऊ वर्षं मी मनातल्या मनात म्हणत आले, घाई त्यानेच केली. आपल्या पायावर धोंडा त्याने आपणच पाडून घेतला. असं म्हटलं की जेवण जायचं. पण पेन माझ्या हातात होतं, भिंगऱ्या. तू मागितलंस आणि मी दिलं, एवढ्याने माझं देणं तुझं होत नाही.

आणि बाबा. बाबा शेवटपर्यंत शेजाऱ्यांना सांगत राहिले, "पोरगं गुणाचं, पण धांदरट. डोळ्यांसमोरचा काटा बघितला नाही त्याने." मी शेजारी बसून भाजी निवडत असायचे. तोंडातून हं की चूं काढलं नाही. त्यांना हे कळायला हवं होतं, आणि आता कळायची सोय नाही. तुझा हात बाजूला ठेवला तर मला सगळ्यात जास्त हेच खातं.

काल मी सुरक्षा मंडळाला अर्ज दिला. सगळं लिहिलं, फोनसुद्धा. तो मीटर अजून त्यांच्याकडे मोहोरबंद आहे, तो पुन्हा तपासा म्हटलं. अर्ज घेणारा कारकून वाचून म्हणाला, "बाई, तुम्ही तर सुटलेल्या आहात. कशाला हात दाखवून अवलक्षण?" मी म्हटलं, पोच द्या.

ताई


४ एप्रिल

भिंगऱ्या,

मीटर तपासला. मंडळाचे दोघे, साहेब आणि ती मुलगी. मला फक्त बघायची परवानगी होती, कशाला हात लावायचा नाही.

पाकिटाची मोहोर तोडली. तुझ्या मीटरच्या मुठीला तू निळी चिकटपट्टी गुंडाळली होतीस, ती तशीच होती, कडेला घामाने काळी पडलेली. पाठीवर माझा तक्ता, माझी सही. मुलीने नवी बॅटरी घातली, खोली बंद केली, दिवा लावला. आम्ही पलीकडे पडद्यासमोर उभे.

पहिल्या चार ओळी बरोबर आल्या. अगदी माझ्या आकड्यांवर. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, चेहऱ्यावर असं की उगाच घाबरलात बाई. पाचवीला काटा थोडा मागे राहिला. मग त्यांनी स्रोत पूर्ण उघडला. काटा झपकन टोकाला गेला. तिथे तो थरथरला. आणि मग एखादा माणूस दमून खाली बसतो ना, तसा हळूहळू खाली आला. शंभर, सत्तर, पन्नास. चाळीसच्या जरा अलीकडे थांबला आणि तिथेच राहिला.

आवाजही आम्हाला ऐकू येत होता. संथ टिकटिक. काही झालंच नाही अशी.

मुलगी म्हणाली, "बॅटरी उतरली का?"

मंडळाचा माणूस म्हणाला, "नाही. बॅटरी ठीक आहे."

तू खोटं बोलत नव्हतास हे मला माहीत होतं रे, पण माहीत असणं वेगळं आणि बघणं वेगळं. तू तिथे उभा होतास. तू वाकून काटा बघितलास, तक्ता बघितलास, माझी सही बघितलीस आणि पुढे गेलास. शिकवलं होतं तसंच सगळं केलंस.

आणि हो. ‘एकदाच’ असं मी तुला लिहिलं होतं. मुलीने सगळ्या वह्या चाळल्या. तिला अशी आणखी दोन पानं सापडली. ते मीटर केव्हाच मोडीत निघाले, कोणाला काही झाल्याची नोंद नाही. पण एकदाच नव्हतं. ती पानं मी खरंच विसरले होते की विसरायचं ठरवलं होतं, मला सांगता येत नाही.

मंडळ तुलाही बोलावणार आहे. यायचं की नाही ते तू ठरव. नाही आलास तरी कागद बदलतील असं म्हणाले.

ताई


२२ मे

भिंगऱ्या,

निकाल तुला टपालाने येईलच. ‘कामगाराने मीटर पाहिला होता. मीटर सदोष होता. प्रमाणपत्रातील दोन नोंदी मोजमापाशिवाय केलेल्या होत्या.’ जुना कागद रद्द झाला. डोसचा जुना आकडा खोडून खरा लिहिला. माझ्या नावावर ठपका आहे, यापुढे कुठल्याही प्रयोगशाळेत मला सही करता येणार नाही. योग्यच आहे.

पण हे पत्र त्यासाठी नाही. तू सुनावणीला येऊन गेल्यापासून तीन दिवस मी ते दोन प्रसंग, खोलीतला आणि जिन्यातला, पुन्हा पुन्हा बघतेय. लिहून काढले तर झोप लागेल असं वाटतं.

तू दारातून आलास तेव्हा मी तुला चटकन ओळखलं नाही. केस पांढरे झालेत तुझे. डाव्या हाताने खुर्ची ओढलीस, उजवा, भर उन्हाळ्यातही घातलेल्या कोटाच्या खिशात. मास्तरीणबाई मागे बसल्या.

अध्यक्षांनी विचारलं, "या चाचण्या झाल्या नाहीत, याची तुम्हाला तेव्हा कल्पना होती का?"

मला वाटलं तू नाही म्हणशील. मी तशी तयारीच करून बसले होते.

तू म्हणालास, "होती."

मग तूच पुढे सांगितलंस,

"मी खिडकीशी होतो. जड स्रोत काढताना लाल दिवा लागतो, सगळ्यांना बाहेर काढतात. त्या दिवशी मला कोणी बाहेर काढलं नाही. हातात प्रमाणपत्र आलं तेव्हाच समजलो."

"मग पहिल्या चौकशीत का नाही सांगितलंत? नऊ वर्षं का गप्प बसलात?"

तू टेबलाकडे बघत म्हणालास, "घाई मी केली होती. आणि ती माझी ताई आहे. तिची नोकरी गेली असती."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मला माझ्या हातांचं काय करावं ते कळेना.

बाहेर जिन्यापाशी मी तुला गाठलं. मास्तरीणबाई पुढे गेल्या, मुद्दामच गेल्या. मी म्हटलं, "तुला माहीत होतं तर माझ्याशी का नाही भांडलास? दोन थोबाडीत मारल्या असत्यास तरी चाललं असतं. नऊ वर्षं अबोला कशाचा धरलास?"

तू म्हणालास, "चाचणीचा नाही."

"मग?"

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. बाबा खाटेशी बसले होते. तू आलीस, औषधाच्या बाटल्या सरळ लावल्यास आणि सगळ्यांसमोर मला विचारलंस, ‘खरं सांग, मीटर बघितला होतास का?’ मी तुझ्याकडे बघत राहिलो. वाटलं, आता नजर वळवशील. नाही वळवलीस. बाबांनीच मान खाली घातली."

आधीच्या पाच पत्रांत मी ते लिहिलं नाही. आता आठवलं असं म्हणणार होते. पण विसरलेच कुठे होते? त्या बाटल्यांवरची लेबलंसुद्धा आठवतात. मला भीती होती की तू बोलशील, म्हणून मी आधीच तुला खोटं पाडून ठेवलं. चूक घाईत झाली. हे घाईत झालं नव्हतं.

मी म्हटलं, "माझं चुकलं." तू ऐकलंस. माफ केलं म्हणाला नाहीस, नाही असंही म्हणाला नाहीस. म्हणालास, "बाबांना सांगायला हवं होतंस." तेवढंच.

मग तू कोटाची बटणं लावायला लागलास. खिशातून उजवा हात काढलास. मी तो ऑपरेशननंतर पहिल्यांदाच उघडा बघितला. अंगठा आणि करंगळी, एवढंच उरलंय. मी नकळत पुढे झाले, लहानपणी लावायची तशी बटणं लावायला. तू अर्धं पाऊल मागे सरकलास. "राहू दे. मला येतं." रागाने नाही म्हणालास. अनोळखी माणसाशी बोलावं तसं, नीट म्हणालास. मी हात मागे घेतले. तुला वेळ लागला. खालून दोन माणसं वर आली, आपल्याला वळसा घालून गेली. वरचं बटण दोनदा निसटलं. मी तिथेच उभी राहिले आणि तूही माझ्याकडे पाठ केली नाहीस.

कॉलर सारखी केलीस आणि म्हणालास, "येतो."

जातो कोणीच म्हणत नाही, हे मला कळतं. पोस्टमनसुद्धा येतो म्हणूनच जातो. त्यात मी काही धरून बसलेली नाही. तू म्हणालास तेवढं लिहून ठेवलं.

ताई